नव्या व्यवसायाला पहिले ग्राहक कुठून मिळतात?

हिशेबवही (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं लेखा विभागात नोकरी केल्यानंतर आता स्वतःचं काम सुरू केलं आहे. छोट्या व्यावसायिकांचे हिशेब ठेवून द्यायचे: रोजच्या नोंदी, बिलं, येणी-देणी, बँकेचा ताळमेळ आणि महिनाअखेरीला मालकाला वाचता येईल असा एका पानाचा अहवाल. काम मला चांगलं येतं, त्याबद्दल शंका नाही. नोंदणी झाली, कार्डं छापली, वेबसाइट झाली, सोशल मीडियावर पान उघडलं. नातेवाईक, जुने सहकारी, शेजारी, सगळ्यांनी भरभरून शुभेच्छा दिल्या. काम मात्र अजून एकाकडूनही आलेलं नाही.

माझे प्रश्न असे. पहिला ग्राहक ओळखीत शोधायचा की अनोळखी लोकांत? हाताशी एकही ग्राहक नसताना 'आधी कुणाचं काम केलंय?' याला काय उत्तर द्यायचं? सुरुवातीला एक-दोघांचं काम फुकट करावं का? आणि जाहिरातीवर आत्ताच पैसे घालावेत का?

जिद्द, सातत्य वगैरेंबद्दल आदर आहेच, पण ज्यांनी शून्यातून सुरुवात केली त्यांनी आपला पहिला ग्राहक नेमका कुठून आला आणि काय बोलणं झालं हे सांगितलं तर फार उपयोग होईल.

रंधा

अभिनंदन आणि मनापासून शुभेच्छा.

मी फर्निचरचं काम करतो. माझी पहिली कामं मला दुसऱ्या सुतारांनी दिली. ज्यांच्या हाताखाली शिकलो त्यांच्याकडे अख्ख्या घराची, कार्यालयांची कामं असायची. कपाटाचं दार लोंबतंय, खणाची पट्टी तुटलीये, असल्या किरकोळ कामासाठी माणूस पाठवणं त्यांना परवडायचं नाही, आणि नाही म्हटलं की जुनं गिऱ्हाईक दुखावायचं. मी त्यांना म्हटलं, 'अशी कामं माझ्याकडे पाठवा, तुमचं नाव राखून करीन.' दाराच्या दुरुस्तीला गेलो की त्याच घरात नव्या स्वयंपाकघराचा विषय निघायचा. तेव्हा मी ते आधी वस्तादांना कळवायचो. हा शब्द पाळला म्हणून कामं येत राहिली, आणि पुढे त्यातली काही त्यांनी स्वतःहून माझ्याकडे सोपवली.

तुमच्या क्षेत्रात करसल्लागार आहेत, ऑडिट करणारे आहेत. वर्षअखेरीला पिशवीभर पावत्या टेबलावर ओतणारा अशील ही त्यांची कायमची डोकेदुखी. त्या पावत्या लावत बसायला त्यांच्याकडे वेळ नसतो आणि अशिलाला सोडवतही नाही. तिथे जाऊन बसा. ज्यांना आपण स्पर्धक समजतो त्यांच्याकडेच बऱ्याचदा आपल्या मापाचं काम पडून असतं.

अक्षरजुळणी

रंधा यांना अनुमोदन. भाषांतरातही असंच चालतं, हातात मावत नाही ते काम एकजण दुसऱ्याकडे देतो.

हिशेबवही, ओळखीच्यांना तुम्ही नेमकं काय लिहून कळवलं होतं? तो मजकूर इथे जसाच्या तसा टाकाल का? शुभेच्छा आल्या आणि काम आलं नाही, याचं कारण बहुधा त्यातच सापडेल.

हिशेबवही

हो, हा पाहा:

'नमस्कार! कळवण्यास अत्यंत आनंद होतो की मी स्वतःची हिशेब व लेखा सेवा सुरू केली आहे. सर्व प्रकारच्या व्यवसायांची सर्व प्रकारची लेखाविषयक कामे वाजवी दरात व वेळेवर करून मिळतील. आपले आशीर्वाद व सहकार्य असू द्यावे.'

रंधा, करसल्लागारांचं डोक्यातच आलं नव्हतं. यादी करायला घेते.

अक्षरजुळणी

मजकूर नीटनेटका आहे, पण वाचणाऱ्याने पुढे काय करायचं ते त्यात नाही. आशीर्वाद मागितले की माणूस आशीर्वाद देऊन मोकळा होतो. आणि 'सर्व प्रकारच्या व्यवसायांची' वाचून कुणा एकाचा चेहरा डोळ्यांसमोर येत नाही.

माझी पद्धत सांगते. एका वेळी एकाच माणसाला लिहायचं. आपली ओळख कशी, ते पहिल्या ओळीत. मग कुणाची कोणती अडचण आपण सोडवतो ते. आणि शेवटी एक लहानशी विनंती, जिचं उत्तर हो, नाही किंवा एखादं नाव, एवढ्यात देता येईल. तुमच्यासाठी लिहून पाहते:

'नमस्कार सर, आपण एकत्र होतो तेव्हा महिनाअखेरीचा ताळमेळ मी बघायचे, आठवत असेल. आता तेच काम मी स्वतंत्रपणे करते, दुरुस्ती आणि देखभालीची सेवा देणाऱ्या छोट्या व्यावसायिकांसाठी. ज्यांच्याकडे कामं भरपूर, पण बिलं वेळेवर जात नाहीत आणि कुणाकडून किती येणं आहे याचा पत्ता नसतो, असे लोक. तुमच्या ओळखीत असं कुणी आहे का? नाव सुचवलंत तर तुमचा उल्लेख करून मी त्यांच्याशी बोलेन. काम मिळालंच पाहिजे असा आग्रह नाही, त्यांची पद्धत समजून घ्यायची आहे.'

दुरुस्ती-देखभाल हा गट मी आपला उदाहरणादाखल घातला, तुम्ही तुमचा घाला. मुद्दा असा की सरांना स्वतःला हिशेबनीस नकोच आहे. पण 'कामं भरपूर, बिलं रखडलेली' हे वाचताच त्यांना साडू आठवतो, मित्र आठवतो, घरी येणारा प्लंबर आठवतो. तुम्ही त्यांच्याकडे ती आठवण मागताय.

शेवटचं वाक्य मात्र खरं असेल तरच लिहा. भेटीला गेल्यावर दर पुढे सरकवलात तर ज्यांनी नाव सुचवलं त्यांचंही तोंड कडू होतं.

प्रकाशछाया

वा, हा मजकूर मीही वापरणार. वाखुसा (वाचनखूण साठवली).

जिज्ञासू

ओळखीत की अनोळखी, याचं उत्तर या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे, आणि त्यावर जुनं संशोधन आहे.

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये 'अमेरिकन जर्नल ऑफ सोशिऑलॉजी'त एक निबंध प्रसिद्ध केला. बोस्टनच्या एका उपनगरात, ज्यांना ओळखीतून नोकरी मिळाली होती अशा लोकांना त्याने विचारलं की ज्याच्याकडून नोकरीची खबर कळली तो माणूस त्या सुमारास तुम्हाला कितीदा भेटायचा. वारंवार, म्हणजे आठवड्यातून दोनदा तरी भेटणारे निघाले १६.७ टक्के. अधूनमधून भेटणारे ५५.६ टक्के. वर्षातून एकदा किंवा त्याहून कमी भेटणारे २७.८ टक्के. नमुना लहान होता, ५४ जणांचा. पण कारण पटण्यासारखं आहे: जिवलग मित्र आपल्याच वर्तुळात फिरतात, त्यांना जे ठाऊक असतं ते आपल्यालाही ठाऊक असतं. अधूनमधून भेटणारा माणूस वेगळ्या वर्तुळातला असतो आणि तिथली खबर घेऊन येतो.

२०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी सदस्यांवरच्या प्रयोगांचा निबंध आला. त्यात थोडी बारीक छटा दिसली. अगदी नावापुरती ओळख फारशी कामाला येत नाही, बेताची सैल ओळख सगळ्यात उपयोगी पडते.

दोन्ही अभ्यास नोकऱ्यांचे आहेत. ग्राहकांना तेच लागू होतं असं म्हणणं हा माझा अंदाज, पण कामाची खबरही त्याच वाटांनी फिरते असं मला वाटतं. म्हणून हिशेबवही, तुमच्या यादीत सख्खे नातेवाईक आणि रोजच्या मैत्रिणी खाली जाऊ द्या. वर ठेवा ते पूर्वीचे पुरवठादार, जुन्या कंपनीत बिलं घेऊन येणारी मंडळी, दुसऱ्या विभागातून नोकरी सोडून गेलेले, प्रशिक्षणात शेजारी बसलेले. तुमचं काम ज्यांनी पाहिलं आहे आणि आता जे वेगळ्या गोतावळ्यात आहेत, असे.

लेथवाला

जिज्ञासू, आकडे पहिल्यांदाच वाचले, पण अनुभव तंतोतंत हाच आहे. माझ्या वर्कशॉपला पहिली ऑर्डर ज्यांनी दिली ते मी नोकरीत असताना तिथे कटिंग टूल विकायला यायचे. मित्र म्हणावेत असे ते कधीच नव्हते. पण मी मशीनवर कसा काम करतो ते त्यांनी समोर उभं राहून पाहिलं होतं, आणि रोज वेगवेगळ्या कारखान्यांत जाणं हाच त्यांचा दिवसभराचा उद्योग. कुठे कुणाचा पुरवठादार वेळ पाळत नाही हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसायचं.

एक सावधगिरी. जुन्या कंपनीच्या ग्राहकांना किंवा पुरवठादारांना संपर्क करण्याआधी नोकरीचा करार काढून वाचा. काही करारांत ठरावीक काळ त्यांच्या ग्राहकांशी धंदा करायचा नाही असं कलम असतं. आणि तिथली ग्राहकांची यादी, फाइल, काहीही सोबत आणलेलं वापरू नका. कलम नसलं तरी नाही.

आता जरा लांबून येतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवला तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकायला त्यांना दोन वर्षं लागली. नांगर चांगला होता, पण ज्याचं सगळं पोट त्या जमिनीवर, तो ती पणाला लावायला तयार नव्हता. नवा व्यावसायिक नेहमी समजतो की ग्राहक दरापाशी अडतोय. माझ्या पाहण्यात पहिला ग्राहक दरापाशी क्वचित अडतो. आपलं काय बिघडू शकतं, या धास्तीपाशी तो अडतो. माझ्याकडे पार्ट करायला देणाऱ्याला धास्ती असते की माप चुकलं तर त्याची पुढची सगळी जुळणी थांबेल. म्हणून मी पूर्ण ऑर्डर मागतच नाही. म्हणतो, पाच नग द्या, मोजून घ्या, पसंत पडले तर पुढचं बोलू.

तुमच्या ग्राहकाची धास्ती कोणती? एका परक्या बाईच्या हाती पैशाचा व्यवहार द्यायचा, ही. मग पहिल्याच भेटीत, त्याने विचारायच्या आधी सांगा: बँकेचा पासवर्ड मला नको, फक्त खातं पाहण्याची मुभा किंवा महिन्याचं स्टेटमेंट पुरेल. पैसे पाठवणं, चेकवर सही करणं तुमच्याकडेच राहील. मूळ कागद तुमच्याकडे राहतील, मी प्रती घेईन. काम थांबवलंत तर सगळा डेटा अमुक स्वरूपात परत मिळेल. आणि हे तोंडी न ठेवता एका कागदावर छापून न्या. वेबसाइटवर पहिल्या पानावर हेच टाका.

हिशेबवही

लेथवाला, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी वेबसाइटवर माझी पात्रता, सॉफ्टवेअरची नावं, सेवांची यादी असं सगळं टाकलंय. सुरक्षिततेबद्दल एक ओळ नाही. आजच लिहिते.

करार काढून पाहिला, तसं कलम नाही.

पण नमुना काय दाखवू? जुन्या कंपनीचे हिशेब तर दाखवता येत नाहीत.

प्रकाशछाया

नाहीच दाखवायचे. नमुना स्वतः बनवायचा. मी छायाचित्रण सुरू केलं तेव्हा कुणी वस्तूंचे फोटो काढायला देत नव्हतं, तर घरातल्याच वस्तू मांडून काढले. 'हा नमुना आहे' असं स्पष्ट लिहिलं. बघणाऱ्याला उजेड, मांडणी, सफाई कळते, तेवढं पुरतं.

फुकट कामाबद्दल: मी पहिली काही कामं फुकट केली आणि करा म्हणेन. त्यातून दाखवायला काम मिळालं, ओळखी झाल्या.

अक्षरजुळणी

इथे माझा विरोध नोंदवते. छायाचित्र आणि हिशेब यांत फरक आहे. फोटो एकदा काढला की काम संपतं आणि फोटो कायम दाखवता येतो. हिशेबाचं काम दर महिन्याला येतं आणि गोपनीय असतं, कुणाला दाखवता येत नाही. फुकट करून हातात काय उरणार? शिवाय ज्याने पैसे दिलेले नाहीत तो पावत्या वेळेवर देत नाही, फोन उचलत नाही, कारण थांबल्याने त्याचं काही जात नाही. आणि 'हे काम पैसे मोजण्याजोगं आहे का' हेच तर तुम्हाला पहिल्या ग्राहकाकडून कळायला हवं. फुकट काम ते सांगतच नाही.

प्रकाशछाया

गोपनीयतेचा मुद्दा मान्य. माझ्या क्षेत्रात मी म्हटलं त्यावर कायम आहे, पण हिशेबासाठी तुमचं बरोबर आहे.

लेथवाला

मधला मार्ग: काम लहान करा, दर पूर्ण ठेवा. एका महिन्याचा ताळमेळ, किंवा फक्त थकलेल्या येण्यांची यादी. ओळखीखातर सूट द्यायचीच असेल तर बिलात पूर्ण रक्कम दाखवून त्याखाली सूट लिहा. नाहीतर तो सवलतीचा दरच तुमचा दर म्हणून पुढच्या माणसाला सांगितला जातो.

जिज्ञासू

नमुन्यावरून एक आठवलं. टपरवेअरचे प्लास्टिकचे डबे १९४६ मध्ये बाजारात आले तेव्हा दुकानांत ते खपत नव्हते. झाकण नवीन प्रकारचं होतं, आतली हवा काढून बंद करायचं, आणि ते कसं लावायचं हे फळीवरच्या डब्याकडे बघून कळत नव्हतं. ब्राउनी वाइज आणि तिच्यासारख्या विक्रेत्या घराघरांत मंडळी जमवून ते करून दाखवत, आणि तिथे डबे झपाट्याने जात. ते पाहून कंपनीने १९५१ मध्ये डबे दुकानांतून काढून घेतले आणि सगळी विक्री घरगुती बैठकांतूनच सुरू केली. जी गोष्ट पाहिल्याशिवाय कळत नाही ती आधी दाखवावी लागते. एका पानाचा अहवाल म्हणजे काय, हे मालकाला वर्णनाने कळणार नाही. कागद समोर ठेवा.

कोडवाली

धागा छान रंगलाय. दोन गोष्टी सुचवते.

पहिली, गट ठरवा. छोटे व्यावसायिक हा गट नाही. दंतवैद्य हा गट आहे, शिकवणी वर्ग हा गट आहे. मी छोटी सॉफ्टवेअर बनवते. फक्त शिकवणी वर्गांसाठी काम करायचं ठरवल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या भेटीतच समोरच्याचे शब्द माझ्या तोंडी आले: बॅच, हप्ता, मध्येच सोडलेला विद्यार्थी, बदली तास. 'तुम्हाला आमचं काम माहीत दिसतंय' हे वाक्य ऐकू आलं की आधी कुणाचं काम केलंय हा प्रश्न बहुतेक वेळा येतच नाही. आणि एका गटातले लोक एकमेकांशी बोलतात. एका दंतवैद्याचं काम चांगलं झालं तर ते दुसऱ्या दंतवैद्याला कळतं, फर्निचरवाल्याला कळत नाही.

दुसरी, सुरुवातीला हाताने आणि स्वतः जाऊन करण्याचा संकोच नको. ज्या कंपन्या आज प्रचंड वाटतात त्यांनीही हेच केलंय. घरातल्या खोल्या पाहुण्यांना भाड्याने मिळवून देणाऱ्या एअरबीएनबीचे संस्थापक २००९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये यजमानांच्या घरी जाऊन स्वतः खोल्यांचे फोटो काढत होते, कारण जाहिरातीतले फोटो वाईट होते. ऑनलाइन पैसे स्वीकारण्याची सेवा देणाऱ्या स्ट्राइपचे संस्थापक कॉलिसन बंधू कुणी 'वापरून बघू' म्हटलं की लिंक पाठवतो म्हणत नसत. 'लॅपटॉप द्या' म्हणून तिथल्या तिथे चालू करून देत. 'हो, बघू' आणि खरंच सुरुवात होणं यांच्यामध्ये बरेच ग्राहक गळतात. तुमच्या बाबतीत 'पावत्या पाठवा' असं म्हणून घरी आलात तर त्या येणार नाहीत. तिथेच बसून पहिल्या महिन्याच्या पावत्यांचे फोटो काढून घ्या.

जाहिरात: आत्ता नको. कोणता गट, कोणती अडचण, कोणतं वाक्य ऐकल्यावर समोरचा मान वर करतो, हे कळल्याशिवाय जाहिरातीत लिहिणार काय? नकाशावरची व्यवसायाची नोंद मात्र पूर्ण करून ठेवा, ती फुकट असते. नाव ऐकल्यावर लोक तिथेच शोधतात.

हिशेबवही

नमुना केला. एक काल्पनिक दुरुस्ती सेवा घेतली (गट तोच ठेवायचा ठरवलाय, जुन्या कंपनीत देखभालीच्या कंत्राटदारांची बिलं माझ्याकडेच यायची, त्यांच्या अडचणी मला पाठ आहेत). पानाच्या वर 'नमुना, आकडे काल्पनिक' असं मोठ्या अक्षरात. खाली चार भाग: या महिन्यातली विक्री आणि खर्च, बँकेतली शिल्लक आणि वहीतली शिल्लक यांतला फरक व त्याची कारणं, देणी, आणि येणी. येणी जुनेपणानुसार लावली आहेत: ३० दिवसांपर्यंतची, ३१ ते ६०, ६१ ते ९० आणि त्यापुढची.

लेथवाला

छान. येणी सगळ्यात वर घ्या. मालकाचं लक्ष आधी तिथे जातं. आणि ९० दिवसांपुढच्या प्रत्येक नावासमोर शेवटचं बोलणं कधी झालं, काय म्हणाले, पुढचा फोन कधी, एवढे रकाने टाका. मग तो अहवाल वाचून बाजूला ठेवला जाणार नाही, तो हातात धरून माणूस फोन करायला बसेल.

रंधा

आणि करसल्लागारांना दाखवायला त्याच आकड्यांचा दुसरा कागद करा. मालकाला येणी बघायची असतात, त्यांना खातेवही आणि पावत्या क्रमाने लागलेल्या हव्या असतात.

हिशेबवही

बऱ्याच दिवसांनी येतेय. अक्षरजुळणींच्या पद्धतीने एकेकाला लिहिलं. काहींनी उत्तर दिलं नाही, काहींनी नावं दिली. शिवाय करसल्लागारांना प्रत्यक्ष भेटले. एका बाईंनी दोन्ही नमुने शांतपणे पाहिले, सुरक्षिततेचा कागद पूर्ण वाचला आणि म्हणाल्या, 'मासिक काम आत्ता माझ्याकडे नाही. पण एका अशिलाच्या संपूर्ण वर्षाच्या नोंदी राहिल्यात. त्या लावून द्याल का?'

मी मासिक सेवा डोळ्यांसमोर ठेवून सगळं आखलंय. साचलेलं काम उपसून द्यायचं हे माझ्या यादीतच नव्हतं. घ्यावं का? आणि ज्यांनी उत्तर दिलं नाही त्यांना पुन्हा लिहिणं बरं दिसतं का?

कोडवाली

घ्या! पहिला ग्राहक बऱ्याचदा आपण मांडलेलं सोडून शेजारचं काहीतरी मागतो, आणि त्याचं ऐकण्यात हित असतं. १९७६ मध्ये अॅपलचे संस्थापक जॉब्ज आणि वॉझ्निअॅक यांना संगणकाचे नुसते सर्किट बोर्ड विकायचे होते, त्यावरचे सुटे भाग गिऱ्हाइकाने स्वतः जोडायचे. बाइट शॉप या संगणकांच्या दुकानाच्या पॉल टेरेल यांनी ५० नग मागितले, पण अट घातली की बोर्ड पूर्ण जोडलेलेच हवेत. दोघांनी ते जोडून दिले आणि अॅपलची पहिली मोठी ऑर्डर तीच ठरली. एचपी कंपनीचे संस्थापक ह्युलेट आणि पॅकार्ड यांच्याकडूनही डिस्नेच्या स्टुडिओने आठ ऑसिलेटर (ध्वनियंत्रणा तपासायची उपकरणं) घेतले ते आपल्या गरजेप्रमाणे बदल करून घेऊनच.

साचलेलं काम हा कदाचित तुमचा खरा दरवाजा असेल. ज्याचं वर्ष तुंबलंय त्याला अडचण आज टोचतेय. ज्याचं सगळं सुरळीत आहे त्याला तुमची आठवण यायला अजून वेळ आहे.

अक्षरजुळणी

पुन्हा लिहिण्याबद्दल: जरूर लिहा. उत्तर न येणं म्हणजे बहुतेक वेळा निरोप खाली गेला, एवढंच. पण 'माझा निरोप मिळाला का?' असं विचारू नका, त्यात समोरच्याला अपराधी वाटतं. काहीतरी नवीन घेऊन जा: 'मागे लिहिलं होतं त्या अहवालाचा नमुना सोबत जोडतेय, तुमच्या ओळखीत कुणाला उपयोगी पडेल असं वाटलं तर पुढे पाठवा.' त्यानंतरही शांतता असेल तर त्यांना सोडून द्या. कुणाशी कधी बोलणं झालं, काय म्हणाले, पुन्हा कधी, याची एक वही ठेवा. तुम्हाला हे मी सांगायला नको.

लेथवाला

काम घ्या, पण 'वर्षाच्या नोंदी' या दोन शब्दांवर घेऊ नका. साचलेल्या कामाचा तळ वरून दिसत नाही. आधी एक महिना, मधला कुठलातरी, त्याचे कागद मागवून लावून पाहा आणि त्याचे पैसे घ्या. किती पावत्या गहाळ आहेत, किती व्यवहार रोखीचे, मालकाचा घरखर्च त्याच खात्यातून होतो का, हे त्यात कळेल. मग उरलेल्या महिन्यांचा दर सांगा. तीन-तीन महिन्यांचे टप्पे करा, प्रत्येक टप्प्याआधी आगाऊ रक्कम. गहाळ कागदांची यादी लेखी द्या आणि ते कधीपर्यंत मिळाले तर काम कधी पूर्ण होईल, हे त्याच पत्रात लिहा. पैसे बाई देणार की अशील, हेही आधीच विचारून घ्या. हा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण नंतर तो जास्त अवघड होतो.

हिशेबवही

पैसे कोण देणार हे मी विचारलंच नव्हतं. उद्या फोन करते.

आणखी एक. हे काम झाल्यावर 'अजून कुणाला सुचवा' असं बाईंना म्हणायचं का? आणि अशिलाला मासिक कामाबद्दल कधी विचारू?

रंधा

अशिलाशी मासिक कामाचं बोलण्याआधी बाईंना विचारा, तो माणूस त्यांचा आहे.

अक्षरजुळणी

बाईंना काम पूर्ण संपेपर्यंत थांबू नका. पहिला टप्पा हातात पडून त्या स्वतःहून 'बरं झालं, मोकळी झाले' म्हणतील, तेव्हाच विचारा, आणि नेमकं विचारा: 'असं वर्ष तुंबलेलं अजून कुणी आहे का तुमच्याकडे?' नुसतं 'कुणाला सुचवा' म्हटलं तर त्यांना कुणीच आठवणार नाही. त्यांचा एखाद-दोन ओळींचा अभिप्राय त्याच वेळी मागा, आणि त्यांच्या परवानगीने फक्त व्यवसायाचा उल्लेख करून वेबसाइटवर टाका. अशिलाचं नाव मात्र कुठेही नको.

लेथवाला

अशिलासाठी शेवटचा टप्पा देताना त्यातच चालू महिन्याचा एका पानाचा अहवाल जोडून द्या, येणी वर असलेला. सोबत एक ओळ: 'पुढच्या महिन्यापासून असा हवा असेल तर दर अमुक.' बाईंनी हो म्हटलेलं असेल तरच.